सोन्याच्या वरची पायरी

।। श्री ।।
किल्लारी, ता. १८ मे २०२६

श्रीमती शांतम्मा विहीणबाईंना देगलूर मुक्कामी चतुराबाईचा शरणार्थ. इकडं समदे खुशाल, तुमची खुशाली कळवा.

तुमच्या कानाला फोन पोचत न्हाई, अन् मी ओरडले तर आमची गल्ली गोळा होती, म्हणून लिहून राहिले. अक्षर जसं हाय तसं गोड मानून घ्या. चौथीच्या पुढं शाळेनं मला ठेवून घेतलं न्हाई.

तुमची सून बरी हाय. पाय सुजलेत पुनमचे, पण आंबा रोज मागती अन् रोज मिळतो. लातूरच्या डॉक्टरीणबाईनं बाळंतपणाला जूनचा पहिला पंधरवडा सांगितलाय.

आता मुद्द्याचं. कालपासून धोंड्याचा महिना लागला. लग्नानंतरचा हा पहिला धोंडा, म्हणजे जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे अन् दिवा ठेवून ताटात वाण द्यायचं. मी लातूरहून चांदीची ताटली आणून ठेवली. तेवढ्यात तुमचं पत्र आलं, की हरिओम विमानात गोल्ड झाला अन् आता प्लॅटिनम होणार. तुमी गल्लीत पेढे वाटले म्हणे. वाटा. पण माझ्या जिवाला घोर लावला. परके विमानवाले त्याला सोन्याचा मान देऊन राहिले, तर सासू होऊन मी त्याच्यापुढं चांदी कशी ठेवू? उद्या तुमीच म्हणाल, किल्लारीवाल्यांनी पोराला एक पायरी खाली बसवलं.

आमचे मालक म्हणतात प्लॅटिनम सोन्याहून भारी, पण दिसायला स्टीलसारखं. मग भारी कशाला म्हणायचं? ह्या पायऱ्या मला खालून वरपर्यंत नीट कळवा. गोलगोल लिहू नका. अन् जावई कधी येणार ती तारीख पण टाका, पुनम तोंडानं विचारत न्हाई पण वाट बघती.

लोभ हाय तसा ठेवा, वाढला तर माझी तक्रार न्हाई.
तुमची, चतुराबाई


।। श्री ।।
देगलूर, ता. २२ मे २०२६

सौ. चतुराबाई विहीणबाईंना शांतम्माचा शरणार्थ. शेषेराव व्याह्यांना नमस्कार, पुनमला आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसले. शेजारच्या कमलम्मा भिंतीवरून डोकावल्या, काय झालं म्हणून. अहो, सोनं कुठंच नाही. आधी कार्ड तरी असायचं, आता तेही नाही, मोबाईलवर नुसतं सोनेरी चित्र येतं. चांदीची ताटली बिनघोर द्या.

मी हरिओमला सगळं विचारून घेतलं. मला ऐकू येत नाही म्हणून तो मोबाईलवर लिहितो आणि मी वाचते. पहिल्यांदा नुसतं सभासद. मग सिल्व्हर, मग गोल्ड, मग प्लॅटिनम. मी म्हटलं, पहिला, दुसरा, तिसरा असं का नाही म्हणत? त्यानं लिहिलं, तिसरा म्हटलं की माणूस हिरमुसतो. चांदी म्हटलं की खालच्यालाही बरं वाटतं. शिवाय चांदीवर सोनं हे लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक, कुणाला शिकवावं लागत नाही. काही कंपन्यांनी माणकं-पाचूंची नावं घेतलीत, काहींनी प्लॅटिनमच्याही वर हिरा ठेवलाय. एका कंपनीचं सोनं दुसरीत तेवढंच भारी असेल असंही नाही.

वर्षात माणूस विमानात किती बसला, त्यावर ही पायरी ठरते. मग वेगळी रांग, बसायला खोली, चहा, जास्तीची बॅग. हरिओम साखर कारखान्यांच्या मशिनी बसवत देशभर फिरतो, म्हणून इतका वर गेला. त्याचं हे विमानाचं वर्ष जूनअखेर संपतं. अजून काही फेऱ्या झाल्या की प्लॅटिनम. नाही झाल्या तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. म्हणून धोंड्याला येणं अवघड दिसतंय. बाळंतपणाचंही तो नक्की सांगत नाही. तुम्ही समजून घ्याल.

लोभाची ऊब अशीच राहो.
आपली, शांतम्मा


।। श्री ।।
किल्लारी, ता. २६ मे २०२६

शांतम्मा विहीणबाईंना शरणार्थ.

समजून घेतलं. तुमाला वाटलं त्याच्याहून जास्त समजलं.

म्हणजे घरी न्हाई राहिला म्हणून हा मान. चांदी म्हणजे थोडा घराबाहेर, सोनं म्हणजे लई, अन् प्लॅटिनम म्हणजे आला तरी बॅग दारातच. घरी बसला की हे सोनं उतरून चांदी होतं. असलं कसलं हो सोनं? माझ्या कानातली फुलं मी वीस वर्षं शेतात घालून गेले, खुरपलं, धुणं धुतलं, ती काय पितळ झाली न्हाईत.

नावं ठेवणारा हुशार हाय, ते मी मान्य करते. माणसाला ‘तू लई दिवस घर सोडलंस’ असं म्हणलं तर तो परत येईल. ‘तू सोनं झालास’ म्हणलं तर अजून जाईल.

पुनमचं बीपी वाढलंय. डॉक्टरीणबाईनं मीठ तोडलं. मी म्हणलं, नवऱ्याला कळव. तर म्हणती, नको आई, त्यांच्या दोन-चार फेऱ्याच उरल्यात, माझ्यामुळं हुकायला नको. अन् तोंड फिरवून बसली. आता सांगा, ह्या पोरीला मी काय म्हणू? मी जावयाला बोलू शकत न्हाई. सासूनं बोललं की ते टोमणा होतं. आईनं बोललं तर चालतं. तुमी बोला.

अन् एक विचारते, राग आला तर येऊ द्या. तुमच्याकडं देगलूरला तो शेवटचा कधी आला व्हता?

उरलेला लोभ उत्तराबरोबर पाठवा.
चतुराबाई


।। श्री ।।
देगलूर, ता. ३१ मे २०२६

सौ. चतुराबाईंना शरणार्थ.

तुमचं पत्र आलं तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते. फाडलं. परत बसले, परत फाडलं.

शेवटचा तो गेल्या नागपंचमीला आला होता. जेवला आणि गेला. गल्लीत बाया विचारतात, हरिओम कधी येणार? दरवेळी काय सांगू? गोल्ड झाला, हे सांगता येतं. पेढे वाटता येतात. पेढा तोंडात असला की पुढचं कुणी विचारत नाही.

तुमच्या सांगण्यावरून मी त्याला विचारलं, कशाला रे बाबा तुला हे प्लॅटिनम?  त्यानं लिहिलं, की त्याच्या विमान कंपनीत प्लॅटिनमवाल्याला सोबत एक माणूस वेगळ्या रांगेतून नेता येतो.

दोन वर्षांमागं त्यानं मला एकदा विमानानं नेलं होतं. तपासणीच्या रांगेत शिपाई मला हाका मारत होता, मला ऐकू आलं नाही. मागचे लोक ओरडले म्हणे. मग कुणीतरी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. मी तर ते विसरले होते. हरिओम पलीकडच्या रांगेत होता, त्यानं ते पाहिलं होतं. त्यानं लिहिलं, अव्वा, पुढच्या वेळी तुला कुणी हात लावणार नाही.

माझ्यासाठी करतोय हो तो हे. आता मी त्याला काय बोलू? आणि पुनमचं बीपी त्याला अजून सांगितलं नाही. तुम्हीच सांगा कसं सांगू.

लोभ तुटला नसेल तर कळवा.
शांतम्मा


।। श्री ।।
किल्लारी, ता. ३ जून २०२६

शांतम्मा विहीणबाईंना शरणार्थ.

तुटायला तो काय दोरा हाय का. तुमचं पत्र मी चुलीपुढं वाचलं अन् भाकर करपली. मालक करपलेलीच खाऊन गेले.

पोरगा वाईट न्हाई. पोरगा येडा हाय. आईला लोक ओरडू नयेत म्हणून वर्षभर आईकडंच गेला न्हाई.

आता मी सांगते तसं करा. तुमी इकडं या. बारशाच्या आधी विहिणीनं सुनेच्या माहेरी जेवायचं नसतं, मला ठावं हाय. तो नेम मी मोडते, पाप लागलं तर माझ्या नावावर. उदगीरला गाडी बदला, लातूरला बदला, मग किल्लारी. बायांना एसटी अर्ध्या तिकिटात हाय. आमचे मालक फाट्यावर उभे राहतील, पांढरी टोपी अन् हातात माझी लाल पिशवी. धोंड्याची ताटली तुमाला देते. जो येईल त्याचं वाण.

अन् लेकाला एवढंच लिहा, की पुनमचं बीपी वाढलंय, मी एकटी एसटीनं किल्लारीला चाललेय. बाकी काही लिहू नका. राग न्हाई, रडणं न्हाई. गाडीचा दिवस टाका.

लोभ येताना सोबत आणा, टपालानं नको.
चतुराबाई


।। श्री ।।
किल्लारी, ता. ३ जुलै २०२६

शांतम्मा विहीणबाईंना चतुराबाईचा शरणार्थ. तुमी गेलात तवापासून घर गप्प हाय, एक तुमची नात सोडून. ती तिच्या बापासारखी न्हाई, जागची हलत न्हाई अन् रडून समद्यांना जागेवर बोलावती.

तुमाला एक सांगायचं राहिलं. तुमी होता तवा तुमच्या तोंडावर सांगवलं न्हाई. त्या दिवशी तुमची गाडी यायच्या आधीच हरिओम फाट्यावर मालकांच्या शेजारी उभा व्हता. हैदराबादेहून सरळ गाडी करून आला. विमान सोडून दिलं त्यानं. मालक सांगतात, एसटी थांबली, कंडक्टरनं ‘किल्लारी, किल्लारी’ म्हणून तीनदा हाक दिली अन् तुमी खिडकीतून बाहेर बघत बसलात. तुमचा लेक पांढराफटक पडला. त्याला वाटलं, आता लोक ओरडणार. पण मागच्या दोघी बायांनी तुमची पिशवी उचलून ठेवली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, अन् समदी गाडी गप बसली. मग त्यानं वर चढून तुमाला हात धरून उतरवलं. ती रांग कुठल्या धातूची व्हती, ते मी त्याला विचारलं. 

ताटली त्याच्यासाठी आणली अन् तुमच्या हातात दिली, तर तो रुसला न्हाई. उलट दिवा त्यानंच पेटवला, ते तुमी बघितलंच. अन् नात झाली तवा लातूरच्या दवाखान्यात पुनमनं पहिल्यांदा त्याचाच हात धरला, माझा न्हाई. मला राग आला न्हाई. थोडा आला.

एक जुलैला त्याच्या मोबाईलवर निरोप आला. प्लॅटिनम हुकलं. पुनमचं तोंड उतरलं, तो मातर हसला. पुढच्या हंगामाला आपल्याकडचे कारखाने मागून घेतो म्हणाला. मिळाले असं म्हणाला न्हाई, तेवढा फरक मला कळतो. मग मला विचारतो, मामी, तुमच्या घरी माझी पायरी कोणती? मी म्हणलं, सध्या सभासद. एकदाच आलास. इथं पण दरसाल पहिल्यापासून मोजतात.

तुमचं तसं न्हाई. तुमी एकदा आलात ते कायमचं.

एकोणीस तारखेला, रविवारी, बारसं. नाव तुमी ठेवायचं. सोनं, चांदी, हिरा असलं काही नको, मला हाक मारायला सोपं ठेवा. आदल्या दिवशी हरिओम तुमाला न्यायला देगलूरला येतोय. कमलम्माला सांगा, गल्लीला सांगा, पेढे वाटायचे तर ह्याचे वाटा. मी त्याला बजावलं, दारात उभा राहून हॉर्न वाजवत बसू नको, तिला ऐकू जात न्हाई, आत जा अन् हात धर. तर म्हणतो, मामी, ते आता सांगायला नको.

लोभ घेऊन बसून राहा, न्यायला माणूस येतोय.
तुमची, चतुराबाई