टॉवेलाखालची तपासणी

लाडक्या नेल्डा मावशीला,

शेल्बीचा वाकून नमस्कार आणि माझ्या पोरीचा, टिल्डीचा, एक चिकट मुका. (गोड ज्वारीच्या ताटांची काकवी खात होती. कागदावर डाग दिसेल तो तिचाच.) तुझा गुडघा कसा आहे? ओहायोची थंडी त्याला सोसत नाही हे मी कधीची सांगतेय, पण तू कुठली ऐकायला. आम्ही सगळे मजेत. सासूबाईंचा आवाज चढलेला असतो, म्हणजे त्या ठणठणीत आहेत. तुझा जावई डस्टिन तेलाच्या विहिरींवर कामाला गेलाय, दर रविवारी फोन करतो आणि हवामान सांगतो.

आता मूळ गोष्ट. त्या पुरापासून माझं काय झालंय ते तुला माहीतच आहे. पूल दिसला की छाती आवळते, हातपाय माझे राहत नाहीत. आणि आपल्या या दरीत पूल सोडून दुसरं आहे काय? शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी त्यापायीच गेली, शाळा दोन पुलांपलीकडे. म्हणून अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज केला, तर त्यांचं पत्र आलं की आधी मनाच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. मी आठवीत शाळा सोडलेली, मला वाटलं परीक्षाच आहे, म्हणून तयारीला लागले.

तयारी करून घ्यायला दोन मास्तर. एक वळणावरचा डेल्बर्टकाका. त्याला दोनदा नाकारून तिसऱ्यांदा पेन्शन मिळाली, त्यामुळे तो स्वतःला वकील समजतो. म्हणाला, आठवडाभर केस धुवू नकोस आणि बुटांच्या नाड्या सोडून जा. दुसऱ्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "आमच्या घरची सून पारोशी डॉक्टरकडे गेलेली मी खपवून घेणार नाही. आधी मला पुरून टाक, मग जा." शेवटी केस धुतले, चर्चचा निळा झगा घातला, आणि डेल्बर्टकाकाला वाईट वाटू नये म्हणून एका बुटाची नाडी सोडली. बरोबर बीटच्या लोणच्याची बरणी घेतली. कोणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही हे तूच शिकवलंस.

गावापर्यंत नऊ पूल आहेत. सासूबाई गाडी चालवत होत्या, मी डोक्यावरून टॉवेल घेऊन भजनं म्हणत बसले होते. पूल आला की त्यांनी गप्प राहायचं आणि गेला की "गेला" म्हणायचं असं ठरलं होतं. पण त्यांना घाई, त्या पुलावर चढायच्या आधीच "गेला" म्हणून मोकळ्या. मी दोनदा टॉवेल काढला आणि दोन्ही वेळा खाली पाणी. दुसऱ्या वेळी मी अशी ओरडले की मागचा ट्रकवाला थांबून विचारायला आला, बाई, तुम्हाला कोणी पळवून नेतंय का. सासूबाई म्हणाल्या, "हिला फुकट दिली तरी कोण नेईल? सून आहे माझी." तो हसत गेला.

डॉक्टर तरुण होता, टाय वाकडा. त्यानं विचारलं, कशा आहात. मी म्हटलं, एकदम छान, तुम्ही कसे? (दुसरं काय म्हणणार, मावशी? परक्या माणसापुढे रडगाणं गायचं का?) त्यानं ते लिहून घेतलं. स्वयंपाक करता? म्हटलं, करते तर, माझ्या मक्याच्या पावाला अख्ख्या दरीत तोड नाही. लोकांत मिसळता? म्हटलं, हो, लोक फार चांगले आहेत. (ते चांगलेच आहेत. मीच जात नाही.) मग शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. शहाऐंशीपर्यंत पोचले, पुढे बोटं पुरेनात. डेल्बर्टकाकानं मुद्दाम चुकायला सांगितलं होतं, पण मी खरीखुरी चुकले आणि इतकी लाज वाटली की म्हटलं, पुन्हा एकदा विचारा.

खरं तर तुला सांगते, मी भ्याले होते. डेल्बर्टकाकाच्या बायकोनं आदल्या दिवशी कुंपणावरून सांगितलं होतं की डोकं बिघडलंय असं कागदावर आलं की पोर काढून घेतात. मग मी तोंड उघडणार होते का? पुलांचं विचारलं, तर पूल फार सुंदर असतात म्हटलं.

बाहेर येऊन गाडीत बसले, टॉवेल ओढला आणि भजन सुरू केलं. तेवढ्यात काचेवर टकटक. डॉक्टर बरणी परत द्यायला आला होता, त्यांना भेट घेता येत नाही म्हणे. मला टॉवेलात बघून उभाच राहिला. मी म्हटलं, केस सुकवतेय. तो म्हणाला, "केस सुकलेत तुमचे. हे कधीपासून?" मी टॉवेल आणखी खाली ओढला. सासूबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "पूर आला तेव्हापासून. घरी जायचे नऊ पूल बाकी आहेत, बोल आता, माझे आई." मी टॉवेलातूनच विचारलं, पोरगी नेतील का? तो म्हणाला, "तिला जेवायला घालता?" म्हटलं, माझ्याआधी जेवते ती. म्हणाला, "भीती वाटते म्हणून कोणी लेकरू नेत नाही." मग पाव तास तो काचेबाहेर वाकून ऐकत होता आणि मी टॉवेलातून सांगत होते. कोणाचं तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं. शेवटी म्हणाला, हे मी लिहीन, पण आतली उत्तरंही कागदावर आहेत, ती खोडता येत नाहीत. तुम्हाला जवळून बघितलेल्या माणसाकडे पेन्शनचं ऑफिस एक कागद भरायला पाठवील, नाव सांगा.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जप.

तुझी,
शेल्बी

ता. क. नाव तुझं सांगितलं. पुरानंतर तू दोन महिने इथे होतीस. मावशी, हात जोडते, त्या कागदात माझं कौतुक करू नकोस. लहानपणी मी शाळा का बुडवते असं बाईंनी विचारलं होतं तेव्हा तू चार पानं लिहिलीस की ही भांडी किती लख्ख घासते. तसं नको. खरं लिही. मी मोरीत लपून बसायचे ते लिही. टिल्डी मात्र कधी उपाशी नव्हती, तेही लिही.

आणखी एक. आपली पत्रपेटी पुलापलीकडे आहे हे विसरले होते. चार दिवस हे पत्र पिठाच्या डब्यावर पडलंय. सासूबाई टाकते म्हणतात, मी देत नव्हते. आज टिल्डीनं बोट धरलं आणि आम्ही पुलाच्या अर्ध्यापर्यंत गेलो. मग मी खाली बसले, आणि रांगत परत आलो. तिला वाटलं खेळ आहे. पत्र आता सासूबाई टाकतील. अर्ध्यापर्यंत गेले ते त्या कागदात लिहायचं की नाही ते तूच ठरव. मला फक्त कोणालातरी सांगायचं होतं.