तिसरी ओळ

ग्रीनव्हिल, मिसिसिपी
मार्च १९५१

प्रिय अर्डेला,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. 'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं, पण इतक्या वर्षांची सवय, म्हटलं असू दे. शनिवारी कॉलेजातले ते गृहस्थ आवाज टिपायचं यंत्र घेऊन माझ्याकडे येणार आहेत. तुझ्या गाण्याचा इतिहास लिहिताहेत म्हणे. मी त्यांना सांगायचं की गाणं शब्दन् शब्द तुझं, त्यात ग्रीनव्हिलच्या कुणा धोबिणीचा हात नाही. दोन पानं भरून विनवलंयस. शिकागोत एवढं नाव कमावलंस, तरी एका म्हाताऱ्या धोबिणीची धास्ती वाटते होय गं? मी काय सांगणार ते लिहितेच, पण आधी माझं ऐकून घे.

आपल्या दोघींच्या कढया अंगणात शेजारी शेजारी असायच्या. साहेबांच्या चादरी उकळायच्या, बडवायच्या, निळीत बुचकळायच्या, आणि हात चालले की तोंडही चालायचं. गाण्याची रीत ठरलेली. पहिली ओळ कुणीही काढावी, तीच पुन्हा सगळ्यांनी म्हणावी, तिसरी मात्र ज्याची त्याची. दुसरीची तिसरी ओळ उचलणारीला आपल्यात उष्टं खाणारी म्हणायचे, आठवतंय? तुझी तिसरी ओळ कधी जमायचीच नाही. एकदा कोंबडीवर केलीस, एकदा हरवलेल्या बुटावर, आणि आम्ही पोट धरून हसलो. आवाज मात्र हुबेहूब माझा. श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा तू माझ्याकडूनच उचललंस. शेजारच्या टॉलिव्हरमावशी कुंपणापलीकडून विचारायच्या, आता कोण गातेय, थोरली की धाकटी? मला तेव्हा त्याचं कौतुकच होतं.

पुढे एका साली नदीच्या बांधाच्या कामावर मुकादमाने एका म्हाताऱ्याला चाबकाने फोडलं आणि माझ्या नवऱ्याने, ॲन्सनने, मुकादमाच्या खांद्यात फावडं घातलं. शेरीफची माणसं त्याच्या मागावर लागली. तो नदी ओलांडून पळाला असं सगळे धरून चालले, आणि मीही तसंच रडून दाखवलं. तो होता आपल्या अंगणामागच्या बोरूच्या रानात. मी 'मागच्या दाराची कडी काढलीय' ही ओळ म्हटली की त्याने जेवायला यायचं. 'पाणी उकळतंय, लांब राहा' म्हटलं की जागचं हलायचं नाही. सात महिने मी असा संसार केला, गाण्यावर. हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही.

मग तंबूतल्या गाण्याबजावण्याची मंडळी आली आणि तू त्यांच्याबरोबर गेलीस. मी तुला वाटेसाठी कोंबडी तळून दिली. शिकागोत तुझी तबकडी निघाल्याची बातमी आली तेव्हा पास्टरसाहेबांनी सैतानाच्या गाण्यांवर तासभर झोडलं, आणि प्रवचन संपल्यावर तबकडी कुठे मिळते म्हणून निम्मी मंडळी दारातच चौकशी करत होती. मी ती ऐकली नव्हती.

ऑगस्टातल्या एका रविवारी शेरीफची दोन माणसं सकाळपासून माझ्या पायरीवर बसून माझेच पीच खात होती. मला मागे जायची बंदी. मला काळजी नव्हती, कारण मी गप्प असले की ॲन्सन येणार नाही हे ठरलेलं होतं. दुपारी टॉलिव्हरमावशी चर्चहून आल्या आणि आदल्याच दिवशी आणलेला ग्रामोफोन त्यांनी खिडकीत ठेवला. आपली अर्डेला सगळ्या गल्लीला ऐकवायची होती त्यांना. पहिली ओळ आली. मी खुशीने हसलेसुद्धा. दुसऱ्यांदा तीच आली. आणि मग माझ्या आवाजात, माझ्या श्वासाने, तू कडी काढलीस.

मी माझ्या घराच्या खिडकीशी धावले आणि पाणी उकळतंय, पाणी उकळतंय म्हणून ओरडत सुटले, पण ग्रामोफोनपुढे माझा आवाज रानापर्यंत पोचलाच नाही. त्यातला एक म्हणाला, "मग उतरव की, बये." तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं. ॲन्सन नेहमीसारखा पाय पुसत आत आला. त्यांनी त्याला जमिनीवर पाडलं, तेव्हा तो त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

अकरा वर्षं तो तुरुंगाच्या शेतावर राबला. मी भेटायला गेले की कापूस कसाय, पाऊस कसाय, एवढंच विचारायचा. इकडे तुझं गाणं कानामागून आलं आणि तिखट झालं. गोऱ्यांच्या बॅंडनी ते हॉटेलात नाचण्यासाठी पळवलं, कुणी ट्रंपेटवर घेतलं, कुणी पियानोवर. पोरं युद्धावर जाताना ते शिट्टीवर वाजवायची. आता तर म्हणे शब्द टाकूनच वाजवतात, आणि ते ऐकायला लोक चांगले कपडे घालून बसतात.

ॲन्सन सुटून आला तो ओसरीवरच झोपू लागला. मी वाढलेलं ताट समोर घेऊन बसायचा आणि मी त्यातला घास खाल्ल्याशिवाय हात लावायचा नाही. मला वाटलं, तुरुंगाची खोड. एका सकाळी मी वाळत घालत होते, दातांत चिमटे धरलेले, आणि टॉलिव्हरमावशींच्या रेडिओवर तुझी ती जुनी तबकडी लागली. ॲन्सन ताडकन उठला. एकदा त्या खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्या मिटलेल्या तोंडाकडे. "तू नव्हतीस?" म्हणाला. मी चिमटे थुंकले. म्हटलं, "मी नव्हते रे." तो एवढा मोठा माणूस पोरासारखा रडला. अकरा वर्षं त्याला वाटत होतं की मीच त्याला हाक मारून पकडून दिलं. त्यानंतर तो दोन हिवाळे जगला. आत झोपला, घरात.

मी त्याला तेव्हा सांगितलं, अर्डेलाला बिचारीला काय ठाऊक, तिला ओळ आवडली, तिने उचलली. त्याने ते मानलं. तुला माफ करून गेला तो. मीही दर नाताळला तुला पत्र टाकत राहिले, यातलं एक अक्षरही न लिहिता, कारण तुला कळलं असतं तर तू जन्मभर रडली असतीस. आणि परवा तुझ्या पत्रात शेवटून चौथी ओळ वाचली. 'फार तर कडीची ती ओळ तुझी, ॲन्सनला रानातून बोलवायला म्हणायचीस ती.' हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! शेजारच्या कढईशी उभी राहून तू सगळं जाणलंस, आणि तरी ती ओळ जगासमोर गायलीस. केसाने गळा कापलास गं माझा. म्हणून हे पत्र. शनिवारची काळजी करू नकोस. मी त्या गृहस्थांना सांगेन की गाणं अर्डेलाचं, तिसरी ओळसुद्धा तिचीच, माझं त्यात काही नाही. मी जे गायचे, त्याने माझा माणूस जेवायला घरी यायचा. त्यांनी त्या ओळीचा अर्थ विचारला, तर म्हणेन, तिलाच विचारा, तिला ठाऊक होता.

एके काळी तुझी असलेली,
लुव्हिनिया