ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही

बाबा,

गाडीची बॅटरी पार बसलीय. मी साकीनाक्याला नवी आणायला जातेय. तुम्ही आंघोळीला होतात म्हणून चिठ्ठी. वॉचमनला धक्का मारायला सांगू नका, ही ऑटोमॅटिक आहे, ढकलून चालू होत नाही. फिजिओकडे रिक्षाने जा.

आणि ऐका. मी स्टार्टर मारत होते तो आवाज ऐकून गुणाजीकाका खाली आले. तुमच्या दोघांच्या पार्किंगच्या भांडणानंतर पहिल्यांदाच. जुन्या गाडीला मारायचे तसाच धक्का मारायला बाह्या सरसावून मागे उभे राहिले. म्हणाले, "बापाशीक बोलव, सेकंड गिअरात टाकूक सांग."

मी पटकन बोलून गेले, "काका, ती गाडी विकली. ही दिसते तशीच, पण हिला क्लचच नाही."

डिकीवर ठेवलेले हात त्यांनी काढून घेतले. "बरा झाला गो. तेच्या गुडघ्याक आराम," म्हणाले आणि वर गेले.

पुन्हा तसलीच जुनी जर्मन डिझेल हवी तर निदान ऑटोमॅटिक घ्या, म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. त्याचं काही नाही. पण आज चुकलंच माझं. गाडी चालू झाली नसती, तरी तुम्हाला खाली बोलवून काकांना धक्का मारू द्यायला हवा होता.

प्रांजल