ब्रेकच्या वहीतली दुसरी सही

मी, उत्पला भारत जोगदंड, वय २७ वर्षे, अविवाहित, नोकरी सहकारी दूध संघाच्या केंद्रावर दूध तपासणीची, राहणार पाटोदा, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी प्रकृती चांगली आहे. मन ठिकाणावर आहे. छातीत थोडी धडधड आहे, पण ती लहानपणापासून आहे आणि तिचा माझ्या निर्णयांवर परिणाम होत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे काका शहादेव कचरू जोगदंड रोज शेडपाशी येऊन "पोरी, घाटात मरशील. टेम्पोत टाकून ने," असे सांगतात, परंतु ते दडपण नसून मत आहे.

हे आजच लिहिण्याचे कारण असे. उद्या सकाळी मी माझी लाल, दोन आसनांची, कापडी टपाची एम.जी. मोटार नोंदणीच्या तपासणीसाठी बीडला चालवत नेणार आहे. ती एकोणतीस वर्षे उभी होती. तिचे ब्रेक मी बसवले आहेत. आजवर ती अंगणात चाळीस फूट पुढे आणि चाळीस फूट मागे गेली आहे. वाटेत मांजरसुंब्याचा घाट आहे आणि जाताना तो उताराचा आहे.

१. गाडी कोठून आली हे लिहून ठेवते, म्हणजे मागे वाद नको. ती मूळ माणिकरावांची. ते माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन होते आणि माझे आजोबा कचरू जोगदंड त्याच कारखान्यात मिस्त्री. १९८७ च्या दुष्काळात बायका टँकरपुढे रांगेत उभ्या असताना लाल गाडीतून जाणे माणिकरावांना बरे दिसेना. त्यांनी ती आजोबांच्या शेडमध्ये आणून लावली आणि पाऊस झाला की नेतो म्हणाले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण तोवर चेअरमन दुसरे होते. १९९४ साली त्यांनी गाडीचे कागद आजोबांच्या नावावर करून पाठवले. आजोबांनी ती मला दिली.

२. आजोबांचा नियम होता की ब्रेकचे काम एका सहीवर पुरे होत नाही. करणाऱ्याने वहीत पहिली सही करायची, तपासणाऱ्याने दुसरी. आणि दुसरी सही करणाऱ्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचे. "सही फुकट देता येती, बूड देता येत न्हाई," असे ते म्हणत.

१९९४ मध्ये त्यांनी ब्रेक केले, सही केली आणि वही काकांपुढे ठेवली. काका तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढचे बोलणे मला आजी भामाबाई यांनी सांगितले, तसे लिहिते.

"आबा, चेअरमनची गाडी तपासायला न्यायचे तवा तुमी शिटावर पोतं टाकून बसायचे."

"कपड्याला तेल असतं, म्हणून."

"डायवरच्या कपड्याला बी तेल असायचं. त्यो कावून न्हाई टाकायचा?"

काकांनी सही केली नाही, म्हणून गाडी शेडमध्येच राहिली. आजोबा २०१४ मध्ये वारले. त्यांची पहिली सही वहीत आहे, पुढची जागा कोरी आहे.

३. माझी बँकेतील बचत व कानातले आजीला द्यावे. "मला काय करायचंय" म्हणून तिने ते परत करू नये, कारण परत घ्यायला मी नसेन.

४. हत्यारे वडील भारत कचरू जोगदंड यांना. ते अंबाजोगाईला शिक्षक आहेत आणि पाना व पक्कड यांत फरक करत नाहीत, तरी हत्यारे त्यांनाच, कारण आजोबांकडे माझे शिक्षण त्यांच्यामुळे झाले. मला शाळेच्या घंटेची भीती वाटे, म्हणून त्यांनी तीन वर्षे मला घरीच ठेवले. अंक मी पान्यांवरून शिकले. जे शेवटी निघाले ते आधी बसवायचे, हेही तेव्हाच शिकले.

५. शहादेव काकांना मी काही देत नाही. त्यांना साक्षीदार घेतले आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे ऐकले आहे. ब्रेकच्या वहीवर त्यांनी दोन महिने सही दिली नाही. मृत्युपत्रावर द्याल का, असे विचारल्यावर "त्याच्यावर देतो, ते लागंल," म्हणाले. अर्ध्या इंचाचा रिंग पाना २००९ पासून त्यांच्याकडे आहे. ते नाही म्हणतात. तो मी दिला असे समजू नये, पण कोणी मागूही नये.

६. गाडीच्या डिकीत ते पोते घडी करून ठेवलेले सापडले. ते कोणाला द्यावे याचा मी आठवडाभर विचार केला. ते कोणालाही नाही. त्याचे तुकडे करून इंजिनखालचे काळे तेल पुसले. आसने नवी शिवली आहेत. उद्या मी नोकरीचे धुतलेले कपडे घालून बसणार आहे.

७. केलेले काम: पिस्टन अडकले होते. प्लगच्या भोकांतून तेल सोडून नऊ दिवस पान्याने थोडे थोडे हलवले, दहाव्या दिवशी फिरले. पेट्रोलच्या टाकीत साखळी खुळखुळवून गंज काढला. ब्रेकची सगळी रबरे नवी. रेडिएटरमध्ये सहा लिटर पाणी आहे. टँकर आठवड्याने येतो, म्हणून लिहिते की ते माझ्या आंघोळीचे वाचवलेले आहे, आजीच्या किंवा म्हशीच्या वाट्याचे नाही. गाडी पुन्हा उभी करण्याची वेळ आल्यास ते दारच्या लिंबाला घालावे. गाडी शाबूत उरल्यास ती आजीला द्यावी.

मी उद्या एका सहीवर जात आहे. आजोबांचा नियम मोडत आहे, याची नोंद असावी. काही चुकल्यास चूक नियमाची नाही, माझी आहे.

साक्षीदार १ : रामहरी धुळाजी गायकवाड, निवृत्त पोस्टमन. (सही)

साक्षीदार २ : शहादेव कचरू जोगदंड (खोडले).

खाडाखोडीचा खुलासा : काका आज दुपारी सहीसाठी आले. त्यांनी सगळे वाचले. सहाव्या कलमापाशी थांबून विचारले, "पोतं संपलं?"

"शेवटचा तुकडा काल चुलीत गेला."

"आईला ठाव हाय?"

"चूल आजीनंच पेटवली."

त्यांनी पेन खाली ठेवले आणि ब्रेकची वही मागितली. मग दोन तास गाडीखाली होते. मागच्या डाव्या चाकाचा एक नट त्यांनी पाव फेरा आवळला. त्यासाठी अर्ध्या इंचाचा रिंग पाना त्यांच्या खिशातून निघाला. नंतर त्यांनी वहीत माझ्या सहीपुढे सही केली आणि "किती वाजता निघायचं?" असे विचारले.

सबब ते उद्या माझ्या शेजारी बसणार असून, माझ्या पश्चात साक्ष देण्यास उपलब्ध राहतील याची खात्री देता येत नाही. म्हणून त्यांचे नाव कमी केले आहे. नियम मोडल्याची वरील नोंद रद्द समजावी. खाडाखोड मान्य.

(सही) उत्पला भारत जोगदंड

साक्षीदार २ : गीताबाई शेषराव तुपे, शेजारी. (सही)

पाटोदा, मंगळवार, ३ मे २०१६. निघण्याची वेळ सकाळी सात.