नकाशातली पांदण

रविवार, संध्याकाळ

शाळेत शिकवायला आणलेला जुना नकाशा आज गावी नेला. त्यात आमच्या शेतातून तुटक रेघांची पांदण, म्हणजे गाडीवाट, जाते, थेट खालच्या गोविंदकाकांच्या रानापर्यंत. आता तिथं आमची तूर आहे. दर नांगरटीला नांगराची एकेक ओळ, एकेक तास, पुढं सरकवत गिळली का ती? कुणी? काका सोयाबीनची पोती डोक्यावर घेऊन आमच्या बांधानं नेतात, तेही माझ्या वडिलांना विचारून. अण्णा मोठ्या मनानं म्हणतात, "जा की!"

नकाशा अण्णांपुढं पसरला. ओढा, विहीर त्यांनी लगेच ओळखली. ती तुटक रेघ मी दाखवलीच नाही. नुसतं विचारलं, "आपल्या रानातून पूर्वी वाट होती का?"

"न्हाई. कधीच नव्हती."

बोलताना त्यांचं बोट मात्र त्याच रेघेवरून काकांच्या रानाकडं चाललं होतं.