हाक मारली तरच

३ तारीख, सोमवार
आज रुजू झालो. तिसऱ्या मजल्यावर कामाची खोली, तिला लागूनच राहायची. स्वारी खूश! काम पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या जुन्या कोडचं. एक भलामोठा क्लास, म्हणजे कोडचा एक गठ्ठा आहे, त्यात एकही प्रॉपर्टी, म्हणजे नावानिशी साठवलेली माहिती, लिहून ठेवलेली नाही. कुणी नाव घेऊन मागितली की तेवढ्यापुरती हजर, काम झालं की गायब. अशी नावं हुडकून क्लासच्या माथ्यावर कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडमधल्या टिपेत, यादी करायची, म्हणजे पुढच्याला कळेल काय काय मागता येतं. साहेब म्हणाले, आधीचा माणूस निम्मी यादी करून गेला. कुठे गेला, ते त्यांना आठवेना.

६ तारीख, गुरुवार
एकोणचाळीस नावं झाली. मजल्यावर चिटपाखरू नाही. साहेब सकाळ-संध्याकाळ दारातून नावाने हाक मारायचे, तेवढीच सोबत. उद्यापासून तेही महिनाभर बाहेरगावी. आधीच्याच्या यादीत शेवटचं नाव चक्क माणसाचं आहे, बहुधा त्याचंच. गमत्या दिसतो. कोडमध्ये ते नाव घेऊन मागणी केली, काहीच आलं नाही.

९ तारीख, रविवार
ताईचा फोन. नावाने हाक मारून जेवलास का विचारते, दर रविवारी. शुक्रवार-शनिवार काय केलं ते मला सांगताच येईना. डब्यात गुरुवारची पोळी तशीच.

१६ तारीख, रविवार
फोन वाजला तेव्हा मी टेबलापाशी उभा होतो. त्याआधीचं काही नाही. अख्खा आठवडा कोरा. दाढीसुद्धा वाढलेली नाही. मला भीती वाटतेय. ताईला म्हटलं, रोज फोन कर. ती हसली, म्हणाली, कुक्कुलं बाळ आहेस का.

२३ तारीख, रविवार
कळलं. कुणी हाक मारली तरच मी असतो. ताईने फोन ठेवला की नसतो. तिच्याशी बोलता बोलताच यादीच्या तळाशी माझं नाव घातलं. हायसं वाटलं. मग आठवलं — कॉमेंट माणसांसाठी असते. मशीन तिच्याकडे बघतसुद्धा नाही. यादीत लिहिल्याने काही तयार होत नाही. आधीच्यानेही हेच —

३० तारीख, रविवार
ताई फोनवर आहे. पटापट लिहितोय. म्हणते, आता दर रविवारी जमायचं नाही, तूच करत जा की कधीतरी. मी कसा — सांगितलं, सगळं सांगितलं — म्हणते, एकटा राहून डोकं फिरलंय तुझं. ताई, अजून काहीतरी विचार. काहीही. जेवलास का विचार — म्हणते, दारावर कुणी आलंय, ठेवते हं. नको ठेवू, ता