समोरची बाजू

प्रकाशा,
ता. ४ एप्रिल १९६१

प्रिय निमू,

तू नाताळात फुलीबाईच्या हाती पाठवलेली तसबीर अजून भिंतीवर आहे, आधी ते सांगते. आबांनी काढून फेकली असेल असं तुला वाटत असेल. नाही फेकली. पण तिच्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. तुझ्या बापाला तू ओळखतेसच, तोंडात कायम मिठाची गुळणी.

तुझा भाऊ रूपचंद सुनेला घेऊन धुळ्याला नोकरीवर गेला. आबा दिवसभर मळ्यात. घरात मी आणि ती तसबीर. भाकरी थापताना बोलायला कुणी नाही, म्हणून मी त्या चित्रातल्या माणसांशी बोलते. हसू नकोस. घर खायला उठतं गं.

मला आधी ती लग्नाची पंगतच वाटली. मधला नवरदेव, बाकीचे वऱ्हाडी. सगळे हातवारे करताहेत, म्हटलं वरणात मीठ पडलं नसेल, नाहीतर व्याह्यांचं मानपानावरून बिनसलं असेल. सगळे एकाच बाजूला का बसले, तेही मी बरोबर ओळखलं होतं. समोरून वाढपी फिरायला जागा नको का! फक्त वाढणारी बाई एकही दिसेना. नेहमीसारख्या चुलीपाशी असतील, म्हटलं.

तुमच्या दवाखान्यातली दाई फुलीबाई बाजाराला आली, तेव्हा तिला चहाला बसवलं आणि एकेकाची ओळख करून घेतली. माझी पंगत ऐकून बाई हसून हसून लोळायची बाकी होती. म्हणाली, मधला आमचा प्रभू, आणि हे शिष्यांबरोबरचं त्याचं शेवटचं जेवण. बोट वर केलेला तो थोमा, दोन्ही हात वर करून बसलेला अंद्रिया, सुरी धरलेला म्हातारा पेत्र. आणि थैली मुठीत धरून बसलेला, तो मला घरचा कारभारी वाटायचा, चांगला जपून वागणारा. तोच म्हणे दगा देणारा यहूदा! मी विचारलं, मग मधल्याला हे ठाऊक नव्हतं? ती म्हणाली, ठाऊक होतं. तरी जेवू घातलं? म्हणाली, तरी. ताटावरून उठवलं नाही.

ते ऐकून मला आपल्या घरची पंगत आठवली, निमू. रूपचंदच्या लग्नात तुला आणि सुकरामरावांना भरल्या ताटावरून उठवलं. भिल्ल समाजातल्या ख्रिस्ती कंपाउंडरशी लग्न केलंस, एवढाच तुझा गुन्हा. भावकीतले नवलसिंग अण्णा पंगतीतून ओरडले, आणि आबा मांडवाच्या खांबाला टेकून नुसते उभे. मी आत पुऱ्या तळत होते. बाहेर धावत आले तोवर दोन पत्रावळी तेवढ्या राहिल्या होत्या, भात तसाच. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. तेव्हापासून मी त्या खांबाला टेकलेल्या माणसावर आतल्या आत जळतेय, आणि त्याच्याच ताटात भाकर वाढतेय. एका घरात दोन माणसं आणि दोघंही एकटी.

आता नीट ऐक. मागच्या आठवड्यात नवलसिंग अण्णांच्या नातवाचं लग्न झालं. आबा आहेर करून घरी आले आणि चुलीपाशी बसून भाकर मागितली. मी तडकले, लग्नघरून माणूस उपाशी येतो का! मग शेजारची दगूबाई ओट्यावर मला म्हणाली, ‘वहिनी, तुमले मालूम नई? आबा रूपचंदना लगीनपाइन कोनाच पंगतमा बसनात नई.’ दोन वर्षं, निमू! आहेर करतात, हात जोडतात आणि उपाशी परत येतात. आणि मी मेली समजत होते, वय झालं, लग्नातलं तेलकट सोसत नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले तेव्हा मी आपणहून त्यांना चित्रातला एकेक माणूस सांगितला. थैलीवाल्याचं ऐकल्यावर त्यांचा घास हातातच राहिला. मान वर करून तसबिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘समोरनी बाजू तं रिकामीच शे. पोर अन् जवाई तठे बसतीन.’ एवढंच. हात धुतले आणि मळ्यात निघून गेले. मी पदर तोंडाला लावून रडून घेतलं.

म्हणून हे पत्र. आखाजीचा सण जवळ आला. गावभरच्या लेकी माहेरी येतील, आणि आपल्या निंबाला दोन वर्षं झोका नाही. काल आबांनी स्वतः बाजारातून दोर आणला. सुकरामरावांना घेऊन ये, निमू. ओसरीवर चार पाट मांडीन, दोन अलीकडे, दोन समोर. दार सताड उघडं ठेवीन, नवलसिंग अण्णांना दिसू दे. पुरणाचे मांडे करीन, पण या वेळी वाढत फिरणार नाही, भांडी मधोमध ठेवून मीही बसणार. आबा तुझ्याशी काही बोलतील असं नाही, ते तू समजून घे. पण तू पहिला घास घेतल्याशिवाय ते ताटाला हात लावणार नाहीत, हे मी तुला लिहून देते.

झोक्याचा दोर अजून खुंटीला तसाच आहे,
तुझीच
आई